सव्वा मूठ गहू

धुळे, २७ जून १९८८

चि. सौ. मंदास अक्काचे आशीर्वाद.

एका पोस्टकार्डामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. आमच्या वृद्ध सैनिक निवासात अकरा तारखेला हवालदार सुकदेव पितांबर पाटील वारले. नऊ वर्षे इथे होते. प्रवेशाच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी नुसती रेघ ओढली होती. अधीक्षक म्हणून मी हटकले, तर रेघ सरळ आली आहे ना, एवढेच म्हणाले. त्यामुळे अग्नी आम्हीच दिला.

काल दोन साक्षीदारांसमोर त्यांची पेटी उघडली. कोटाच्या आतल्या खिशात एक कार्ड निघाले. मजकूर नाही, फक्त पत्ता. नाव तुझ्या सासऱ्यांचे, गाव तुझे, तालुका अमळनेर. हे हवालदार तुमचे कोण? नियमाप्रमाणे पेटी तीन महिने कोठीत राहते. वारस आला नाही तर सामानाचा लिलाव होतो आणि पदके वरच्या कचेरीत जातात. नऊ वर्षे रोज सकाळी मला खिडक्यांवरची धूळ दाखवणाऱ्या माणसाचा कोट भंगाराबरोबर जावा, हे मला पटत नाही.

पेटी नीटनेटकी होती. खोड एकच. एका डब्यात गव्हाच्या चोवीस लहान पुरचुंड्या होत्या, बहुतेक किडलेल्या. खाण्याचे जिन्नस यादीत घेत नाहीत, म्हणून आमच्या कोठीवाल्या लोटनला किडके बाहेर टाकायला सांगितले. तेव्हापासून चिमण्या अंगणातून हलत नाहीत. इथे दोन वेळा पोटभर जेवण असताना हा माणूस गहू का साठवत होता, कोण जाणे.

उत्तर लगेच दे. तुझे ‘उद्या लिहिते’ मला ठाऊक आहे. पंडितरावांना व सासूबाईंना नमस्कार. माया आहेच, ती लिहिण्यात दिसू दे.

तुझी अक्का

*

५ जुलै १९८८

ती. अक्कास मंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहिते आहे, याची नोंद कर. तुझ्या वहीत माझ्या नावावर एक तरी चांगला शेरा असू दे.

सुकदेवनाना माझे चुलतसासरे. आम्ही सगळे त्यांना कुठेतरी लांब, पंजाबात वगैरे समजत होतो, आणि ते निघाले दीड तासाच्या एस.टी.वर. यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. मग सासूबाईंनी जे सांगितलं, ते लग्नाला सतरा वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं.

बासष्टच्या लढाईत नाना बेपत्ता झाल्याची तार आली होती. पुढच्या श्रावणापर्यंत काही कळलं नाही. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे असतात, तेव्हा सासऱ्यांनी बजावलं, की सुकदेवचं नाव घेऊ नका, तो गेला असेल तर रोट मोडतील, नेम खंडित होईल. सासूबाईंनी वाद घातला नाही. कोणी उठायच्या आत त्यांनी दिराची मूठ, नाव न घेता, सगळ्यांत आधी काढून ठेवली. मग चारचौघांत बाकीची नावं झाली.

नाना त्याच सकाळी लष्करी दवाखान्यातून सुटून घरी आले होते. ओट्यापर्यंत. त्यांनी नावं ऐकली, त्यात आपलं नाही हे ऐकलं, आणि आल्या पावली फिरले. शेजारच्या वनाआबांनी त्यांना ओट्यावर थबकून परतताना पाहिलं, मग बसमध्ये गाठलं. हाक मारली तर मान वळवली. सासऱ्यांनी पलटणीत पाच पत्रं घातली, उत्तर नाही. सासरे गेल्याला बारा वर्षं झाली. हे नानांना कळलंच नसणार, नाहीतर कार्डावर ते नाव नसतं.

सासूबाई अजूनही दरसाल नानांची मूठ पहिली काढतात. तू लिहिलेलं ‘चोवीस’ ऐकलं आणि त्यांनी बोटं मोजली. त्या श्रावणानंतर आजवर चोवीस श्रावण झाले. त्यांनी मला सांगितलं, की अक्काले इचार, त्या गहू कोठे शेतस. मला धीर होत नाही, तरी विचारते. ते गहू आहेत कुठे, खरंच टाकलेस का?

मुलं बरी आहेत. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी मंदा

*

धुळे, ९ जुलै १९८८

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

टाकले. मी सांगितले म्हणून टाकले गेले, लोटनचा दोष नाही. मीही कानबाईच्या घरातच वाढले. एकाच मापाच्या चोवीस पुरचुंड्या समोर असून मला त्यात फक्त जिन्नस दिसला. नियमावर बोट ठेवता आले की मी पुढचे पाहत नाही, हे तू मला मी कॉलेजात होते तेव्हापासून सांगत आली आहेस.

फडकी शिल्लक आहेत. लोटनने ती धुऊन कंदील पुसायला ठेवली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाईने साल घातले आहे, ६४ पासून ८७ पर्यंत. मी ती धोब्याची खूण समजले होते.

आणखी एक आहे, ते लपवणार नाही. शेवटच्या पुरचुंडीतले गहू चांगले होते. वाया जाऊ नयेत म्हणून मी ते आमच्या स्वयंपाकीण भिकुबाईच्या दळणात घालायला लावले. त्या पोळ्या इथल्या एकोणीस म्हाताऱ्यांनी खाल्ल्या. रोटाचा घास भाऊबंदांबाहेर जात नाही, आणि मी तो अठरापगड पंगतीत वाढला. सासूबाईंना हे जसेच्या तसे वाचून दाखव. पेटी घ्यायला त्यांना माझ्या दारात यायचे नसेल, तर मी तिकडे येईन. बोलणी खायचीच असतील तर समोर बसून खाल्लेली बरी.

तुझी अक्का

*

२ ऑगस्ट १९८८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता सासूबाईंनी विचारलं, ते एकोणीस जण पलटणीतलेच का. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, की ज्यास्नी त्यान्हा गहू खादात, त्या बठ्ठा त्यान्हा भाऊबंदच.

यंदा मेलेल्या माणसाची मूठ काढू नये, असं भाऊबंदांतल्या जाणत्यांचं म्हणणं पडलं. सासूबाईंनी सांगितलं, की पंचवीस वर्षं तुम्हाला न विचारता काढली, यंदा नाव घेऊन काढीन. त्या जाणत्यांतल्या तोतारामदादांनी पगडी डोक्यावरून काढून पुन्हा घातली, बस.

कानबाई बोळवल्यावर बुधवारी त्या आणि हे धुळ्याला येतील. मला निंदणीच्या बायका सोडून येता येणार नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी खुर्ची ठेव. तुझ्यासाठी बोलणी आणणार आहेत का ते मला सांगत नाहीत. सांभाळून राहा, आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझी मंदा

*

धुळे, २४ ऑगस्ट १९८८

चि. सौ. मंदास आशीर्वाद. बोलणी झाली नाहीत. खुर्चीवर त्या बसल्याच नाहीत. ताब्याची नक्कल सोबत जोडते आहे, जपून ठेव.

कै. हवालदार सुकदेव पितांबर पाटील यांच्या सामानाचा ताबा. नातेवाईक: ताईबाई, वहिनी (अर्जावरील रेघ खोडून लिहिले). अधीक्षक नात्यातल्या असल्यामुळे ताबा देणार म्हणून लोटन यांची सही.

दिले: पत्र्याची पेटी एक, कुलपासह. लोकरीचा कोट एक. पदके तीन. चष्मा. पोस्टकार्ड एक, कोरे, पत्ता लिहिलेले. फडकी चोवीस, धुतलेली. गहू नाहीत, अधीक्षकांच्या हुकुमाने टाकले व दळले. ताईबाईंचा अंगठा.

घेतले: रोट एक, सव्वा मूठ गव्हाचा. तुकडे वीस. निवासी एकोणीस, सर्वांनी जागेवर खाल्ला. विसावा तुकडा ताईबाईंनी अधीक्षकांच्या हातावर ठेवला.

खाण्याचा जिन्नस असला तरी नोंद घेतली आहे.