मनोऱ्यांच्या मुलखाला निघण्याआधी

धसई, रविवार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक. तुझी खुशाली विचारणार होतो, पण पहाटे तुझा खोकला ऐकला, तो कालच्यापेक्षा सुटलेला वाटला. गुडघ्याचं मात्र भिंतीपलीकडून समजत नाही, तेवढं वहिनींकडून कळव. (दोन ओट्यांमध्ये एकच भिंत असताना हे पत्र पोस्टात टाकतो आहे, म्हणून मनोज पोस्टमन हसेल. हसू दे. बांधाच्या भांडणानंतर आपण बोलणं बंद केलं. लिहिणंही बंद, असं कुठे ठरलं होतं?)

कारण असं की, आमच्या कुणालीने आम्हा दोघांना, मला आणि भागीरथीला, ग्रीसला बोलावलं आहे. ती तिकडे मानी नावाच्या भागात जुने दगडी मनोरे दुरुस्त करते, हे वहिनींनी तुला सांगितलंच असेल. (पोरगी दगडात रमली याचा दोष तुझ्याकडे जातो. नाणेघाटात तिला खांद्यावर घेऊन तूच हिंडायचास.) मुलूख म्हणे आपल्या घाटासारखाच, फक्त पाऊस यायचा विसरलेला. दगड, ऑलिव्हची झाडं, शेळ्या आणि खाली समुद्र. वळणावळणाला आपल्या वेशीवरच्या देवळाएवढी देवळं, आत दिवा. ते ऐकूनच माझं मन तयार झालं. जिथे रानात दिवा लावतात तिथली माणसं परकी कशी असतील?

पण मनोऱ्यांची गोष्ट ऐक. पूर्वी तिथे दोन घरांचं बिनसलं की वकील करत नसत, मनोरा बांधत. शेजाऱ्याच्या मनोऱ्यापेक्षा उंच, आणि वरून त्याच्या छपरावर दगड. (पेरणी-कापणीला मात्र भांडण थांबवायची रीत होती, ती मला आवडली.) हे भागीरथीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुमा दोघांकडं पैसा नव्हता म्हनून मी वाचली. नायतर आज पान्याचा हंडा घेऊन चार माळे चढत असती."

पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार आला तो नेमका तुझ्या ओट्यावर बसला. मी भिंतीच्या अलीकडे उभा होतो (ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं). त्याने विचारलं, ह्यांना ओळखता का? तू म्हणालास, "जल्मापासून वळखतो." मग त्याने विचारलं, माणूस कसा आहे? त्यावर तू इतका वेळ घेतलास की मला ग्रीस दूरदूर जाताना दिसू लागला. शेवटी म्हणालास, "मानूस देवभोळा हाय. बांध सोडला तर कशातपन डोळं मिटून इश्वास ठेवा." हवालदाराने मान डोलावली, वहिनींच्या हातचा चहा घेतला, आणि पासपोर्ट आला. बांध सोडून तुझे उपकार मानतो.

पुढचा घोळ सुकटीचा. लेकीला सुकट न्यायचीच, असा भागीरथीचा हट्ट. विमानात वास सुटेल म्हटलं तर तिने पिशवीत पिशवी, तिच्यावर आणखी पिशवी बांधली आणि वास येतो का पाहायला गाठोडं ओट्यावर ठेवलं. गावातली सगळी मांजरं हजर झाली. सर्वांत आधी तुमच्या घरचं आलं, आणि आपल्यात बोलणं नाही याची त्याने जराही भीड ठेवली नाही. सुकट रद्द झाली. तांदळाचं पीठ पास झालं.

एवढं जमलं, तरी गावदेवीला विचारल्याशिवाय वेस कशी ओलांडायची? गोमा भगताने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर घरी बस. वाऱ्याने निकाल लागू नये म्हणून पंखा बंद केला. बसलो. घामाने भिजलो, डास चावले (आरती चालू नसताना देवीसमोर टाळी कशी मारायची?), पण ना उजवं पडलं ना डावं. शेवटी गोमा माझ्यावर डाफरला, "थोरला जिता हाय आणि धाकटा इचारतो! आय तुला काय म्हनून जबाब देल रे?" मी म्हटलं, थोरला बोलत नाही. तर म्हणतो, "तुज्याशी नसल बोलत. देवीशी तरी बोलतो ना?"

तसाच घरी परतलो. कौल नाही तर मी निघणार नाही, हे भागीरथीला ठाऊक आहे. तिने बांधलेलं पीठ सोडून पुन्हा डब्यात भरलं. लेक गेल्यापासून तिला पाहिलेलं नाही, हे त्या डब्याच्या झाकणाच्या आवाजात होतं.

असो. तुला कळावं म्हणून लिहिलं. मागणं काही नाही.

तुझा (बांधाच्या उगवतीकडचा) भाऊ,
जयराम

ता. क. मागणं अगदीच नाही असं नाही. मंगळवारी सकाळी देवळात येऊन तू विचार. माझ्याशी बोलू नकोस, देवीशी बोल. मी खांबाआड उभा राहीन.

ता. क. २: विचारताना "ही दोघं जाऊ देत का" असं नको, "आम्ही जाऊ का" असं विचार. कुणालीने तिकिटं तीन काढली आहेत. "काका येत नसेल तर बाबा, तुम्हीपण घरीच बसा. आईला एकटीला पाठवा," असं ती मला स्पष्ट म्हणाली. मस्कतची नोकरी सुटली तरी तू पासपोर्ट नवा करून ठेवलास, ही बातमी वहिनींनी भिंतीवरून दिली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, खुशाल न्या, तेवढेच दिवस मला रेडिओ ऐकू येईल. व्हिसाच्या फोटोत कान दिसावे लागतात, तेव्हा मफलर काढून जा.

ता. क. ३: खिडकी तुला, मधे मी, कडेला भागीरथी. विमान वर गेलं की कुणाला रागाने उठून घरी जाता येत नाही, हे मी चौकशी करून ठेवलं आहे. बांधाचं तू सुरू कर, मी मधे तोंड घालणार नाही. ग्रीस येईपर्यंत मिटलं तर उत्तम. नाहीच मिटलं, तर परतीलाही आपल्या जागा शेजारीच आहेत.