आत्याच्या गुडघ्याची सविनय चौकशी

तीर्थस्वरूप आत्या हिच्या चरणी,

दिवसातून अनेकदा निर्जंतुक होणाऱ्या (आणि म्हणून तूर्त कुटुंबात सर्वांत शुद्ध असलेल्या) दोन हातांचा नमस्कार.

सर्वप्रथम तुझी प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. ‘मी ठणठणीत आहे’ एवढ्या एका वाक्यावर माझी बोळवण करू नकोस. डावा गुडघा अजून कुरकुरतो का? जिना चढताना दम लागतो का? सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी वगैरे? (अगदी किंचित असली तरी चालेल.) इतकी वर्षे नवशिक्यांच्या शेजारी बसून तू मोटार चालवायला शिकवते आहेस, त्या धक्क्यांचा एखाद्या तरी अवयवावर परिणाम झालाच असेल, अशी मला आशा, चुकले, काळजी वाटते.

इकडे माझे क्षेम आहे. मेंदूंचे तितकेसे नाही, आणि तीच हकिकत सांगण्यासाठी हे पत्र. पण त्याआधी एक खुलासा. मी ‘मेंदूची डॉक्टर’ असल्याचे तू सगळ्या नातेवाइकांत जाहीर केल्यापासून मला अर्धशिशीचे फोन येतात. धाकट्या काकांनी विसरभोळेपणावर औषध विचारले. मला नाही म्हणता न आल्यामुळे ‘चौकशी करून सांगते’ असे मी म्हणाले; सुदैवाने आपण विचारले होते हेच ते विसरले. तर आत्या, मी मेंदू बरे करत नाही, वाढवते. मसुराच्या दाण्याएवढे, पांढुरके, गुलाबी पाण्यात तरंगणारे. त्यांना खरा मेंदू म्हणणे जरा अतिशयोक्तीचेच. पण बाळाच्या मेंदूची सुरुवात जशी होते, तशीच पुष्कळशी त्यांचीही होते, आणि ती डोळ्यांदेखत पाहता येते. ते विचार करतात का, असे बाबांनी फोनवर विचारले. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “मग तुझ्या आतेभावासारखेच की!” (हे तुला कळवू नये असे त्यांनी मला बजावले आहे.)

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना इथे सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते कदापि जमले नसते, म्हणून मी त्यांना ‘बाई’ म्हणते. आता भेटीला येणारे पाहुणेही ‘बाई आहेत का?’ असे विचारतात. बाईंनी वाढता मेंदू, कर्करोग आणि पेशींची नवी घडण अशा तीन घरांत एकाच वेळी संसार थाटलेला आहे. मला प्रथम तो अव्यवस्थितपणा वाटला होता. पण बाईंचे म्हणणे असे की ही तीन घरे नाहीत, एकाच घराच्या तीन खोल्या आहेत. मेंदूतल्या पेशी जिथे जन्मतात तिथे राहत नाहीत. त्या लांबचा प्रवास करून आपल्या जागी पोचतात, थांबतात आणि कामाला लागतात. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या काही गाठींच्या पेशींनीही तोच प्रवास धरलेला असतो, फक्त त्यांना थांबायचे कुठे हे उमगलेले नसते. (हे ऐकले तेव्हा मी दिवसभर जेवण विसरले. रागाने नव्हे, नवलाने.) तिसऱ्या खोलीत आम्ही पहारेकरी तयार करतो. शरीराच्या संरक्षक पेशी घेऊन त्यांना शिकवतो की अमुक एक खूण अंगावर दिसली की तो शत्रू समजावा. ती खूण गाठीच्या पेशींवर असते, निरोगी मेंदूवर नसते. निदान तसे आम्ही समजत होतो.

माझ्याकडे दोन डिश होत्या. एकीत गाठीचे गोळे, दुसरीत निरोगी इवले मेंदू. पहिलीवर मी ‘पाहुणे’ आणि दुसरीवर ‘घरचे’ असे लिहिले होते. (पाहुण्यांविषयी मनात काही नाही, घाईत सुचले.) दोन्हींत पहारेकरी सोडले. पाहुण्यांचा फडशा पडावा आणि घरच्यांच्या केसालाही धक्का लागू नये, ही अपेक्षा. सकाळी पाहते तो पाहुणे गारद, आणि घरचेही कडेकडेने कुरतडलेले! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा आमचा ‘निवेदक’ डोकावला. (नाव मी ठेवलेले नाही. दोन माणसे एकत्र जमली की तो त्यांच्यापुढे बोलायला उभा राहतो, म्हणून सगळेच तसे म्हणतात.) तो म्हणाला, “डिशमध्ये सरमिसळ झाली वाटतं. होतं गं असं. माझ्याकडूनही झालं असतं. म्हणजे, झालं नसतं. पण होऊ शकतं.”

आणि आत्या, मी म्हणाले, “माफ करा.”

तू मला ओळखतेस. मी बंद दारावर आपटले तर दाराची माफी मागते. त्या ‘माफ करा’चा अर्थ ‘माफ करा, पण तसे झालेले नाही’ असा होता. उत्तरार्ध घशात राहिला आणि पूर्वार्ध बैठकीला गेला. येत्या बुधवारच्या विभागीय बैठकीसाठी निवेदकाने निकालांची मांडणी केली, त्यात माझी ‘घरचे’ लिहिलेली डिश वगळली आणि खाली बारीक अक्षरात लिहिले: ‘हाताळणीतील चूक, संबंधितांना मान्य.’ संबंधित म्हणजे मी.

मी गप्प बसले नाही. सविनय निवेदन लिहून बाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी मला बोलावले.

“तीन पानं वाचली,” त्या म्हणाल्या. “भाषा फार सुंदर आहे. यात ‘चूक माझी नाही’ हे वाक्य कुठं आहे?”

मी शोधून दाखवले. ते तिसऱ्या पानावर, कंसात होते.

“कंस काढ,” बाई म्हणाल्या. “बुधवारी उभी राहा आणि हेच सांग. लिहून नाही, तोंडाने.”

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सरावासाठी मी थंड खोलीत गेले. तिथे माणसे फार वेळ थांबत नाहीत आणि बाटल्या प्रश्न विचारत नाहीत. दार लावून मी बाटल्यांना उद्देशून ‘आदरणीय सभाध्यक्ष’ अशी सुरुवात केली आणि उपसंहारापर्यंत पोचले. तोच फळीमागून निवेदकाचा आवाज आला, “जरा मोठ्यानं बोल. मागं काही ऐकू आलं नाही.” मी त्याचीही माफी मागितली.

या सगळ्यात ते कुरतडलेले मेंदू मात्र डोळ्यांपुढून हलेनात. सरमिसळ झालेली नव्हती. मग पहारेकऱ्यांनी घरच्यांत काय पाहिले? असा विचार करत मी खिडकीशी उभी होते. खाली चौकात एक गाडी बंद पडली होती. मागच्या काचेवर तांबडी ‘एल’ पाटी, मागे वाहनांची रांग, आत घामाघूम झालेला माणूस. मला तुझ्या गाडीतला माझा दुसरा धडा आठवला. पुढे एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत रस्त्यात उभे होते. हॉर्न वाजवणे मला उद्धटपणाचे वाटले, म्हणून मी गाडी थांबवली, खाली उतरले आणि त्यांना बाजूला होण्याची विनंती केली. तू डॅशबोर्डवर कपाळ टेकवून म्हणालीस, “अगं बये, हॉर्न काय शोभेला दिलाय? रस्ता तुझाही आहे!”

आणि एकदम सुचले. ती खूण गाठीची नसून शिकाऊपणाची असली तर? प्रवासातली प्रत्येक कोवळी पेशी ती पाटी लावत असेल आणि मुक्कामी पोचल्यावर काढून टाकत असेल. गाठीची पेशी फक्त ती पाटी कधीच काढत नाही. आम्ही पहारेकऱ्यांना सांगितले, पाटी दिसली की गाडी अडवा. त्यांनी चोरांच्या गाड्या अडवल्या आणि तुझ्या शिकवणीच्याही! माझे मेंदू फार कोवळे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. टाकवत नाहीत म्हणून जपून ठेवलेले काही जुने, पोक्त मेंदू इन्क्युबेटरच्या मागच्या फळीवर आहेत. आज त्यांतही पहारेकरी सोडले. माझे खरे असेल तर त्यांना काहीही होणार नाही. उद्या सकाळी कळेल.

बुधवारी ती डिश वगळली गेली, तर पहारेकरी आहेत तसेच पुढच्या टप्प्यात जातील. हा आजार लहान मुलांचा आहे आत्या, आणि लहान मुलांच्या मेंदूत काही शिकाऊ गाड्या अजून रस्त्यावर असू शकतात. एवढे सगळे मला स्वच्छ दिसते. फक्त चाळीस माणसांसमोर ते म्हणायचे कसे, हे दिसत नाही.

घरी सर्व थोरांस नमस्कार, आतेभावास आशीर्वादाऐवजी सहानुभूती.

तुझी आज्ञाधारक भाची

ता. क. आता मुख्य मुद्दा. बुधवारी सकाळी बैठक सुरू होताच आमच्या कचेरीत फोन करून तू अत्यवस्थ असल्याचे कळवशील का? भाचीला ताबडतोब पाठवा, एवढेच म्हणायचे. नुसता गुडघा पुरणार नाही. छाती किंवा चक्कर बरी. अडचण तुझ्या आवाजाची आहे. तो रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो आणि अत्यवस्थ माणसाला शोभत नाही. तोंडावर उशी धरून बोल. वरच्या चौकशीत एखादे खरे दुखणे निघाले तर आपल्याला खोटेही बोलावे लागणार नाही, म्हणून तर इतके बारकाईने विचारले.

ता. क. (दुसरा, पाकीट पुन्हा उघडून.) आत्या, पोक्त मेंदू जसेच्या तसे आहेत! एकही कुरतडलेला नाही. पहारेकरी त्यांच्या भोवती हिंडून मुकाट्याने पुढे गेले. मी भिंगातून इतका वेळ पाहत राहिले की निवेदक मागे येऊन म्हणाला, “पुन्हा सरमिसळ झाली की काय?” मी म्हणाले, “नाही.” त्यापुढे काहीच न बोलल्यामुळे त्याला फार चमत्कारिक वाटले असावे, तो स्वतःच “माफ कर” म्हणून गेला.

तेव्हा आजारी पडू नकोस. फोनही करू नकोस. बाईंना सांगून मी बुधवारी पहिलीच बोलण्याची वेळ मागून घेतली आहे, कारण वाट पाहत बसले तर मी पुन्हा कंसात जाईन. समोर वर्तमानपत्र वाचत कोणी उभे असले तरी या खेपेला मी गाडीतून खाली उतरणार नाही.

(उशी मात्र हाताशी असू दे.)