थायमसचा कागद

४ जुलै, जळगाव
मुक्ताचा पुण्याहून फोन. त्यांच्या प्रयोगशाळेत मोठ्या माणसाच्या रक्तातून मूळपेशी तयार करतात आणि बाळाच्या छातीतली थायमस ग्रंथी कशी घडते ते ताटलीत घडवून बघतात. घडली ती खऱ्यासारखी आहे का, हे पडताळायला खरा तुकडा हवा. बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनात ती वाटेत येते, थोडी काढतात, टाकून देतात. आईबाप हो म्हणाले तरच मिळणार.
"त्यांच्यासाठी एक पान मराठीत तू लिही आई. आमचं वाचून लोक घाबरतात."
हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं, मुक्ताचीही काढली होती. तीन महिन्यांची होती. मी सही केली. कशावर, ते वाचलंच नाही.

६ जुलै
थायमसला मराठी शब्द कोशात सापडला : 'यौवनलोपी ग्रंथी'. मु. म्हणाली, "हे वाचून बाळच उठून पळेल." थायमसच ठेवलं.

९ जुलै, धुळे
नानांना मसुदा वाचून दाखवला. माझे वडील, जन्म कपाशीत गेला. 'रोगाशी लढणाऱ्या पेशी इथे तयार होतात. आपल्याच अंगावर उलटतील अशा इथेच काढल्या जातात.' तिथे थांबवलं.
"म्हंजे इरळणी. सरळ लिख ना मंग."
'विरळणी' लिहिलं, दाट उगवलेल्यातली नको ती रोपं उपटतात तशी. मग नानांनी शेजारच्या भाऊंना बोलावून मला सगळं पुन्हा वाचायला लावलं. "मन्ही नात हाई काम करस," दर दोन ओळींनी.

१२ जुलै
मु. : "'नाही म्हणालात तरी बाळाचे उपचार तेच राहतील' हे सगळ्यात वर का?"
म्हटलं, मला तेव्हा तेच ऐकायचं होतं.
 मग हळूच, "वरच राहू दे."

१८ ऑगस्ट
रुग्णालयाच्या नीतिसमितीने कागद मान्य केला. 'विरळणी' शाबूत.

२६ ऑगस्ट
मु. चा फोन. पहिली आई शिरपूरकडची. कागद दोनदा वाचला म्हणे. मग विचारलं, "हाई काढी टाकं तं पोरनं पुढे कसं व्हई?"
मु. ने अहिराणीतच सांगितलं, "मन्हं बी काढेल शे," माझंही काढलेलं आहे म्हणून. आणि हेही, की पुढचे लांबचे परिणाम सगळे अजून कळलेले नाहीत. हे सांगायची तिच्यावर सक्ती नव्हती. माझी पोर.
बाई म्हणाली, घरच्यांना वाचून दाखवते, उद्या सांगते. कागद घेऊन गेली.
मु. चा आवाज उतरलेला. "नाही म्हणेल बहुतेक."
म्हणेलही. पण सही न करता गेली, वाचून, विचारून गेली.