दुसऱ्या यादीतला आमदार

२५ मे ५८. तेरखेडा
गावात टेलिफोन आला. उद्घाटन दत्तूच्या हस्ते. शाळेत एका बाकावर बसायचो, आता तो खासदार. पहिला फोन लावायचा कुणाला हेच कुणाला सुचेना, तरी हार मात्र गळाभर. मी आमदार, माझ्या वाट्याला विहिरीचं पाणी, पोलिसाच्या तक्रारी, दवाखान्यात डॉक्टर का नाही. मिरवायचं सगळं दिल्लीकडं, निस्तरायचं ते मुंबईकडं.

नंतर गंगूबाई भेटली. इथं फटाक्यांत शोभेची दारू राहत्या घरातच भरतात. तिची थोरली लेक गेल्या महिन्यात भाजून गेली. दत्तू तिचं ऐकत उभा, लोक त्याच्याकडंच बघताहेत. राहवलं नाही. भर गर्दीत बोलून गेलो: घरात भरायला बंदी, गावाबाहेर शेड, भाजलेल्याला भरपाई, पुढच्या अधिवेशनात मी कायदा आणतो. टाळ्या पडल्या. बरं वाटलं. लईच बरं. दत्तू नुसता हसला. का?

१८ जून. मुंबई
दत्तू का हसला ते कळलं. विधी खात्याच्या सचिवांनी मसुदा उभ्या उभ्या परत केला. घटनेत कायद्यांच्या विषयांच्या तीन याद्या. पहिली केंद्राची, दुसरी राज्याची, तिसरी दोघांची. स्फोटक पदार्थ पहिलीत. विधानसभेनं त्याला हात लावायचा नाही. "तुमच्याकडच्या खासदारांना सांगा ना," म्हणाले. अगदी सहज.

दुपारी ग्रंथालयात दुसरी यादी वाचली. पोलीस, पाणी, जमीन, गुरांचे कोंडवाडे, स्मशानं. म्हणजे माणूस भाजतो ते दत्तूचं, जाळायचं कुठं ते माझं.

२ जुलै. मुंबई
तिसऱ्या यादीत मजुरांचं हित सापडलं. मसुद्याला 'मजूर कल्याण' नाव दिलं नि परत गेलो. सचिव म्हणाले, नाव बदललं म्हणून विषय बदलत नाही. वर चहा पाजला.

२० जुलै. उस्मानाबाद
दत्तू घरी आला. सौ.नं त्याच्यासाठी चकल्या तळल्या. मी मागितल्या की भाजणी नसते.

तेव्हाच का बोलला नाहीस, विचारलं. म्हणाला, "एवढ्या लोकांत तुला खाली बघायला कसं लावू? मसुदा दे. लोकसभेत मी मांडतो, तुझं नाव घेऊन." भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या या चांगुलपणानंच माझा जळफळाट होतो.

तो गेल्यावर सौ. म्हणाली, कुणाच्या का नावानं होईना, व्हावं. खरं आहे. पण शब्द मी दिला, टाळ्या मला पडल्या, आणि लोकसभेत बाकं वाजणार त्याच्यासाठी. माझं नाव घेईल. घेईल, उपकार केल्यासारखं.

९ ऑगस्ट. उस्मानाबाद
दत्तू अधिवेशनाला निघाला. स्टँडवर पुन्हा हार. खिडकीतून हात पुढं केला, "आण."

म्हणालो, मसुदा टाइप व्हायचाय, पाठवतो. टाइप होऊन आठवडा झाला. काखेतल्या पिशवीतच होता.

गाडी हलली. वळलो तर समोर गंगूबाई, धाकट्या लेकीला घेऊन बाजाराला आलेली. "सायेब, दिले का वं कागद त्यास्नी?"

दिले, म्हणालो.

पोरगी आठ-नऊ वर्षांची. मनगटापर्यंत हात राखाडी. दिवाळीचा माल धरलाय, गंगूबाई म्हणाली, थोरलीच्या जागी आता हिलाच बसवलंय. काही तरी बोलायचं म्हणून पोरीला विचारलं, भरायला कुठं बसतेस?

"चुलीम्होरं. तितं उजेड असतो."

दत्तू परवा दिल्लीत पोचेल. मसुदा अजून पिशवीतच आहे.