मृत्यूची आई काही घ्यायला तयार नाही

मी, 'मृत्यूचे बिऱ्हाड' या चित्रकथामालेची आणि तिच्यावरून निघालेल्या 'पसारा' या पत्त्यांच्या खेळाची कर्ती, धंदा चित्रे काढणे, राहणार आईच्या शिवणाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला वकीलबाईंनी डॉक्टरांकडून आणला आहे. हात कापतो, पण तो औषधांचा प्रताप आहे. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, हे वाक्य मात्र जरा भीतभीतच लिहिते, कारण आई समोर बसून गिऱ्हाइकाच्या शर्टाची काजे करते आहे आणि दर चार ओळींनी "झालं का तुझं ते?" असे विचारते आहे.

हे माझे चौथे मृत्युपत्र. आधीची तिन्ही रद्द समजावीत. ती माझ्या लहरीने रद्द झालेली नाहीत.

कलम १. ती का रद्द झाली याबद्दल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कारणे देत बसू नये. त्यांना त्या कारणाबरोबर एका घरात राहावे लागत नाही.

'पसारा' ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येकाच्या हातात आपापल्या आयुष्याचा पसारा असतो: अर्धा विणलेला स्वेटर, शेजाऱ्याची परत न केलेली शिडी, आत्येभावाशी धरलेला अबोला, कशाची ते आठवत नसलेली किल्ली. मृत्यू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर वाट पाहत बसलेला असतो. आपला एकेक पत्ता दुसऱ्याला द्यायचा. दुसरा "नको" म्हणू शकतो. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकतो आणि मृत्यूबरोबर जातो. या दोन्ही गोष्टी एकदमच होत असल्यामुळे मुले रडतात आणि मोठी माणसे नियमांवरून भांडतात. हातात एक जरी पत्ता उरला तरी मृत्यूला खुर्चीवरून उठता येत नाही. आई हा खेळ कधी हरलेली नाही, कारण ती प्रत्येकाला प्रत्येक पत्त्यावर "नको" म्हणते आणि तेवढ्यात जेवायची वेळ होते.

डॉक्टर काय म्हणाले ते मी आईला सांगितले तेव्हा तिने मशीन थांबवले नाही. मग मी पहिले मृत्युपत्र केले आणि तिला वाचून दाखवू लागले.

"घर तुझ्या नावावर करतेय."

"नको."

"बरं, बँकेतलं?"

"नको."

"अगं, माझ्यामागे तुला काही नको का?"

"तुझ्यामागे कसलं? माझ्यामागे तू. आणि हातात पत्ता असला की तो बसून राहतो. नियम तुझाच आहे."

"आई, तो खेळ आहे."

"मग मी काय करतेय?"

जन्मभर माझे एक म्हणणे जिने ऐकले नाही, तिने नेमके हेच धरून बसावे, याला काय म्हणायचे? दुसऱ्या मृत्युपत्रात मी तिला नुसती स्वयंपाकघरातली भांडी दिली. नको. तिसऱ्यात माझी गरम शाल दिली, जी ती रोज मला न विचारता पांघरते. त्या दिवशी तिने शाल घडी करून माझ्या उशाशी आणून ठेवली आणि स्वतः खाली दुकानात कुडकुडत बसली. मी हात टेकले. वकीलबाईंनी टेकले नाहीत, कारण त्या दर मृत्युपत्राची फी घेतात.

कलम २. घर. आईने घेतले नाही, तर माझ्यामागे तिच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या मर्जीवर राहील, हा खरा घोर आहे. मला झोप लागत नाही ती दुखण्याने नव्हे, या विचाराने. म्हणून घर आणि दुकानाची जागा (दुकान आईचे, पण जागा माझ्या नावावर आहे) माझ्या धाकट्या भावाला देते, या अटीवर की आई हयात असेपर्यंत तो ते विकणार नाही, भाड्याने देणार नाही आणि मशीन हलवून "आता आराम कर" असे तिला सांगणार नाही. या कलमाने आईला काहीही मिळत नाही. ती जिथे बसली आहे तिथे बसून राहील. नुसते बसण्याला घेणे म्हणत नाहीत, हे विचारून घेतले आहे. आईने हे कलम वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि "नको" म्हणायला कुठे फटच सापडेना तेव्हा तो राग तिने दोऱ्याच्या रिळावर काढला.

भावाविषयी. मालेत मृत्यूचा एक मेहुणा आहे, अपघात. तो कधी कळवून येत नाही, आणि आला की काहीतरी फोडून जातो. तो आपल्यावरून काढला आहे असा भावाचा संशय आहे. संशय रास्त आहे. माझी शाईची दौत, दुकानाची काच आणि गिऱ्हाइकाचा आरसा त्याच्या नावावर जमा आहेत. पण माझी बातमी कळल्यापासून तो येण्याआधी फोन करतो, दार हळू लावतो आणि कपबशी दोन्ही हातांनी धरतो. मला ते बघवत नाही. त्याने पूर्वीसारखे यावे.

कलम ३. मालेचे आणि खेळाचे हक्क रंगवालीला देते, म्हणजे माझ्या चित्रांत रंग भरणारीला. ती माझ्याशी रंगांवरून वाद घालते आणि बहुतेक वेळा बरोबर असते, हे मी ती समोर असताना कबूल करणार नाही. बिऱ्हाडातली माणसे तिच्या ओळखीची आहेत. काळ, म्हणजे मृत्यूचा बाप, निवृत्त झाल्यापासून घरात सगळ्यांच्या मागे लागतो. आत्या म्हातारपण चार दिवसांसाठी आली आणि तिने आता स्वतःचे कपाट मागितले आहे. रंगवालीने यांना हवे तसे वागवावे.

प्रकाशकांचे मात्र ऐकू नये. त्यांना मृत्यू गोंडस हवा आहे. त्यांना त्याच्या हातात विळा हवा होता, तेव्हा आईने त्यांना विचारले होते, "नोकरीवर जाणारा मुलगा डबा घेऊन निघेल, का गवत कापायला जाईल?" तेव्हापासून मृत्यूच्या हातात डबा आहे. मागच्या महिन्यात ते माझी तब्येत विचारायला आले आणि जाताजाता म्हणाले, "शेवटच्या भागात तुम्हीच त्यांच्या दारात उभ्या, असं दाखवलं तर वाचकांना फार आवडेल हो." मी म्हटले, "तुम्ही पुढे व्हा, मी आलेच." ते हसले नाहीत. माझे चित्र त्या बिऱ्हाडात कोणीही, कधीही, मागून पाठमोरेसुद्धा काढायचे नाही. ही अट आहे.

कलम ४. टाक, कुंचले आणि उतरते टेबल हेही रंगवालीला. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली प्रकाशकांनी दिलेले सन्मानचिन्ह घालून ठेवले आहे, ते काढू नये. आईने चित्रासाठी नमुना म्हणून खरोखरच शिवलेला मृत्यूचा काळा कोट वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंना कालच देऊन टाकला, म्हणून तो यात धरलेला नाही. त्यांना तो बऱ्याच दिवसांपासून दवाखान्यात टांगायचा होता.

कलम ५. मृत्यूची आई.

मी शाळेत असताना बाबा गेले, भर दुपारी, जेवता जेवता. घर माणसांनी भरले. सगळी रडत होती. आई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत म्हणाली, "अर्ध्या जेवणावरून उठवून नेतात का कुणाला? त्याच्या आईने काही वळण लावलेलं दिसत नाही." लोकांना वाटले, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी खाली दुकानात जाऊन बसले आणि कापड बेतायच्या टेबलावर खडूने मृत्यू काढला. शेजारी त्याची आई काढली, त्याचा कान धरून उभी असलेली. आईने ते चित्र पुसले नाही. पुढे पुष्कळ दिवस ती त्याच्या बाजूला कापड बेतत होती. एकदा एवढेच म्हणाली, "कोटाची बाही चुकलीय."

माला तिथून सुरू झाली. मृत्यूच्या आईच्या तोंडची सगळी वाक्ये माझ्या आईची आहेत. "चपला बाहेर काढ." "आज कुणाकडे गेला होतास? त्यांचं जेवण झालं होतं का?" "लहान मुलं आहेत त्या घरात, तू नंतर जा." लोक मला म्हणतात, तुम्ही काय लिहिता हो. मी काही लिहीत नाही, मी ऐकते.

अडचण अशी की, आईला आता ते अधिकाराचे वाटू लागले आहे. परवा दवाखान्यातून परत येताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "इतकी वर्षं आई आहे मी त्याची. माझं ऐकेल तो."

"तू त्याची आई नाहीस गं. माझी आहेस."

"तेच सांगतेय त्याला," ती म्हणाली आणि पुढे चढू लागली.

म्हणून ही एवढी एक गोष्ट मी आईला देते: मृत्यूची आई. तिचे चित्र, तिचे बोलणे आणि तिच्या तोंडी काय घालायचे याचा पूर्ण हक्क. ते मुळात तिचेच आहे, म्हणून तिने "नको" म्हणू नये, अशी हात जोडून विनंती.

कलम ६. साक्षीदार. पहिल्या साक्षीदार दंतवैद्यबाई. दुसरे त्यांचे यजमान ठरले होते, पण त्यांना ऐन वेळी बाहेर जावे लागले. पुढचे वकीलबाईंच्या सांगण्याविरुद्ध लिहिते आहे. कलम पाच वाचून झाल्यावर आईने हातातले काज पुरे केले. मग तिने वकीलबाईंना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का हो?"

"नाही काकू. साक्षीदाराला काही ठेवलं असेल तर ते बाद होतं. म्हणून तर बाहेरचं माणूस घेतो आपण."

"पण सही चालते?"

"सही चालते."

आईने सुई शर्टात खोचली आणि हात पुढे केला. "आणा ते पेन."

वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या. बाहेरचा माणूस संध्याकाळपर्यंत मिळेल, आपण थांबू, असे त्यांनी सुचवले. आईच्या सहीने कलम पाच बाद होईल आणि मृत्यूची आई कोणालाच न जाता पत्त्यासारखी माझ्याच हातात राहील, हे मला समजते. दाखला आहे माझ्याकडे. मी आईला अतिशय वैतागले आहे. मला तिला सोडून जायचे नाही. ही दोन्ही वाक्ये मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे, आणि दुसरा साक्षीदार बघू नये असे वकीलबाईंना सांगते आहे.

आईला पेन द्यावे.

ठिकाण: दुकान, मशीनशेजारी.
तारीख: आजची. आई उद्याची घाला म्हणत होती.

सही: लिहून ठेवणार (वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिल्या: दंतवैद्यबाई, वरचा मजला

साक्षीदार दुसऱ्या: हिची आई. वाचलं. पटलेलं नाही. सही केली आहे.