माझी हात

रविवार, संध्याकाळ

निखिल पुढच्या रविवारी पिचिंग करणार नाही, चेंडू दुसरं कोणी टाकेल. कॅप्टनने गाडीत सामान भरता भरता मला सांगितलं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या छोट्याशा बेसबॉल टीमच्या न्यूजलेटरमध्ये ही बातमी मलाच द्यायची आहे. दोन ओळींचं काम. लिहवत नाही.

आज त्याचा एकही चेंडू जागेवर जात नव्हता. मागच्या महिन्यात याच हाताने त्याने समोरच्यांना बॅटसुद्धा लावू दिली नव्हती. कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणूनच आम्ही बघायला येत राहतो ना? प्रत्येक वाया गेलेल्या चेंडूवर जोशीकाका आपल्या घडीच्या खुर्चीतून म्हणत होते, "असू दे रे, निखिल." काका त्याचे नात्यातले कोणी नाहीत, नुसते शेजारी. पण त्याची एक मॅच चुकवत नाहीत.

मॅच हरल्यावर सगळं सामान गाडीत गेलं, तेव्हा तो आमच्याकडे आला. "सॉरी काका. माझी हात ऐकत नाही."

इथेच जन्मलेला, मराठी कच्चं; त्याचा हात नेहमी 'माझी'. काका दर वेळी सांगतात, "माझा हात, गाढवा," आणि तो हसतो. आजही तो थांबला, वाट बघत. काकांनी नुसता तो हात धरून ठेवला. कॅप्टनचा निर्णय त्यांना कळला होता का? मी तर सांगितलं नव्हतं.

माझी हात. डोक्यातून जातच नाही.

पुढच्या रविवारी चेंडू दुसऱ्या कोणाकडे असेल. निखिल बाकावर बसेल. काकांनी मला नेहमीच्या वेळेला न्यायला बोलावलंय. खुर्ची या वेळी बाकाशेजारी मांडायची आहे म्हणाले.