रिंगणात काय पसरावं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढाच, बाकीचा मनाने). भावोजींचा गुडघा कसा आहे? इकडे घोडे खुशाल आहेत. आमचं लिहितोच.

घोडेस्वारीची शाळा हिची. मी दाणावैरण आणि फोन सांभाळतो. गेल्या वर्षी घोडीवरून पडलो, तेव्हापासून खोगिराला हात लावलेला नाही, हे तू जाणतेसच. पण लेक म्हणाली, पहिल्यांदा बसेन तर बाबांबरोबरच. मी बोलून गेलो की रिंगणातली जमीन दगडासारखी आहे, ती बदलली की बसू. वाटलं, बदलतंय कोण! हिने दुसऱ्याच दिवशी जमीन उकरायला घेतली. आता तिथे काय पसरायचं ते ठरलं की मला घोडीवर चढणं भाग. तेव्हा काहीच ठरू नये, म्हणून तुझा भाऊ जिवाचं रान करतो आहे.

ही म्हणते, जमीन फार मऊ असली तर घोड्याच्या शिरा दुखावतात, फार कडक असली तर सांधे. (माणसाच्या सांध्यांचा विषय मी काढून पाहिला, तो तिथेच बारगळला.) मग एका कोपऱ्यात नमुन्यांचे वाफे केले. जाड वाळूत घोडी रुतली. मी ती वाळू आनंदाने नापास केली. लाकडाचा भुसा छान निघाला, म्हणून मी त्यावर बादलीभर पाणी ओतून तो कसा निसरडा होतो ते दाखवलं. (घसरलो मीच.) दगडाची भुकटी उडून शेजारीणबाईंच्या धुण्यावर बसली, त्यांनी माझं काम परस्पर केलं. टायरच्या चुऱ्याला वास येतो म्हणून मी जेवतानाही नाकाला रुमाल लावून बसलो. शेवटी आली बारीक वाळू, कापडाची कातरण मिसळलेली. घोडी तिच्यावर चालली, वळली, पळाली आणि खुशाल लोळली. खोड काढायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, घोडीला चाललं, पण पडणाऱ्याचं काय? आणि स्टुलावर चढून अंग टाकून दिलं. कण्हायचं आधीच ठरवलं होतं, पण इतकं मऊ लागलं की कण्हायचं विसरलो. ही पोट धरधरून हसली. लेक मात्र हसली नाही.

वाळू पसरून झाली. रविवारी बसायचं आहे. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा (मोठेपणी का होईना) आज्ञाधारक भाऊ

ता. क. – हिला एक ओळ लिही, की नवी वाळू मुरायला दोन वर्षं लागतात. तुला वाळूतलं ओ की ठो कळत नाही हे तिला ठाऊक आहे, पण नणंदेचा शब्द ती मोडणार नाही. माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक ता. क. – पाकिटाला डिंक मागायला लेकीकडे गेलो, तर ती रडकुंडीला आलेली. म्हणाली, "बाबा, जमीन अजून कच्ची आहे असं आईला सांगा ना. मला भीती वाटते." ताई, ही पोर माझीच, याची इतकी खात्री कधी पटली नव्हती. मी म्हटलं, "मलाही." मग दोघं हात धरून रिंगणात गेलो. हिने काही न विचारता घोडी धरली. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. उतरताना मी पडलोच. लेक इतकी हसली, की आता खाली उतरायला तयार नाही.

ती ओळ लिहू नकोस. वाळू छान आहे.